इशाऱ्यावर चालणारी खळ

कापडबाजारात गेल्या काही वर्षांपासून 'स्मार्ट' हा शब्द फार ऐकू येतो. स्मार्ट कापड, स्मार्ट पट्टी, स्मार्ट जेल! एजंट पेढीवर येतो, रंगीत छापील कागद पुढे ठेवतो आणि सांगतो की हा माल स्वतःच ओळखतो. उष्णता वाढली की आपोआप बदलतो, ओल लागली की आपोआप शोषून घेतो. आमचे छोटे व्यापारी व कारागीर बांधव हे ऐकून एक तर भारावून जातात, नाही तर 'हे आपल्या कामाचे नव्हे' म्हणून हात झटकतात. आमच्या मते या दोन्ही गोष्टी नुकसानीच्या आहेत. ज्या पदार्थांना आज हे नवे नाव मिळाले आहे, त्यांतले तीन-चार तर आपल्या छपाईच्या टेबलावर आणि रंगाच्या पिंपात वर्षानुवर्षे आहेत. फक्त त्यांचा स्वभाव आपल्याला कोणी नीट समजावून सांगितला नाही. तो न कळल्यामुळे माल बिघडतो, गरिबाची मजुरी कापली जाते आणि बाजारभाव उलटले की सर्वांत आधी आपणच भरडले जातो.

शास्त्रज्ञ या पदार्थांना 'उद्दीपनाला प्रतिसाद देणारे पॉलिमर' म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर इशारा मिळताच वागणूक बदलणारा पदार्थ. हा इशारा मिठाचा असेल, आम्ल-अल्कलीचा असेल, चुन्याचा असेल, बोरॅक्सचा असेल किंवा उष्णतेचा असेल. प्रत्येक पदार्थाचा इशारा ठरलेला असतो. तो ज्याला कळला त्याच्या हाती माल, आणि ज्याला कळला नाही तो मालाच्या हाती. हे इशारे येथे एकेक करून पाहू.

जाळी, गाठी आणि पाणी

पॉलिमर म्हणजे सूक्ष्म पण लांबच लांब साखळी. कापूस, रेशीम, नायलॉन, पॉलिएस्टर हे सारे पॉलिमरच आहेत. यांपैकी काही साखळ्यांना पाण्याची भारी ओढ असते. त्या पाण्यात टाकल्या की मोकळ्या होऊन पसरतात आणि पाणी घट्ट होते. हीच आपली खळ. स्टार्च, चिंचोक्याची पूड, ग्वार गम, अल्जिनेट, सारे याच जातीचे.

आता या साखळ्यांना मधूनमधून गाठी मारल्या तर काय होईल? त्या पाण्यात विरघळून जाऊ शकणार नाहीत. मासेमारीच्या जाळीप्रमाणे त्या एकमेकींत अडकून राहतील आणि जाळीच्या प्रत्येक घरात पाणी भरून फुगतील. अशा फुगलेल्या जाळीला हायड्रोजेल म्हणतात. घरात चायना ग्रासची जेली करतात ती हीच. आत जवळजवळ सगळे पाणीच असते, तरी ती सुरीने कापता येते.

डोळ्यात घालायची मऊ कॉन्टॅक्ट लेन्स हेही हायड्रोजेलच. तिची हकीकत कारागिरांनी ऐकावी अशी आहे. प्राग शहरातील रसायनशास्त्रज्ञ ओटो विख्टर्ले यांनी आपले सहकारी द्राहोस्लाव लीम यांच्यासह हा पदार्थ तयार केला आणि १९६० मध्ये तो जगापुढे मांडला. पण त्यापासून नीट लेन्स काही निघेना. तेव्हा १९६१ च्या नाताळात विख्टर्ले यांनी घरीच मुलांच्या खेळण्यातील लोखंडी पट्ट्या जोडून एक यंत्र उभे केले. ते फिरवायला सायकलचा डायनॅमो लावला आणि गरगर फिरणाऱ्या साच्यात पहिल्या चांगल्या लेन्स काढल्या. मोठी प्रयोगशाळा जे करू शकली नाही ते जुळवाजुळव करणाऱ्या हाताने केले. अमेरिकेत अशा लेन्सना १९७१ मध्ये परवानगी मिळाली आणि पुढे तो जगभरचा धंदा झाला.

जेलची जाळी किती फुगेल हे दोन ओढींवर ठरते. पाणी आत खेचणारी एक, आणि गाठींनी आवरून धरणारी दुसरी. हा तोल ज्या गोष्टीने ढळतो ती गोष्ट म्हणजे त्या जेलचा इशारा. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत काम करणारे जपानी शास्त्रज्ञ तोयोइची तानाका यांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की पाणी व अ‍ॅसिटोनच्या मिश्रणात ठेवलेले एक जेल, मिश्रणाचे प्रमाण किंवा तापमान किंचित बदलताच हळूहळू नव्हे तर एकदम आकसून जाते. तेव्हापासून या विषयाकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. पण आपल्या छपाईवाल्यांच्या पिंपात असाच प्रकार रोज चालतो, याची त्यांना कल्पना नसते.

अमोनियाचा इशारा

पिगमेंट छपाईचे काम करणाऱ्या जुन्या मंडळींना आठवत असेल की पूर्वी पेस्ट घट्ट करण्यासाठी रॉकेलचे इमल्शन वापरत. रॉकेल व पाणी जोरात घुसळून दह्यासारखे घट्ट करायचे, त्यात रंग व बाइंडर मिसळायचा. छपाई छान होई, पण ते सारे रॉकेल कापड तापवताना हवेत उडून जाई. खर्च फुकट, कारखान्यात घुसमट आणि आगीची धास्ती वेगळीच. १९७० च्या दशकात तेलाचे भाव भडकल्यावर 'सिंथेटिक थिकनर'कडे सर्वांचे लक्ष गेले, आणि हळूहळू त्याने रॉकेलची जागा घेतली.

हा थिकनर म्हणजे अ‍ॅक्रिलिक आम्लाच्या साखळ्यांना थोड्या गाठी मारून केलेला पॉलिमर. आम्लात असताना त्याच्या साखळ्या गुंडाळून बसलेल्या असतात, आणि द्रावण दुधासारखे पातळ असते. त्यात अमोनिया पडला की साखळीवरच्या प्रत्येक आम्ल-गटावर ऋण विद्युतभार येतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. गुंडाळलेली साखळी ताठ होते, जाळी फुगते आणि पाहता पाहता पातळ दुधाचे लोणी होते. शेकडा एक-दोन थिकनर साऱ्या पिंपाला पुरतो, यातले रहस्य हेच. आता बाजारात येणाऱ्या बऱ्याच जातींमध्ये अमोनियाचे काम आधीच करून तो बारीक कणांच्या रूपात तेलात मिसळलेला असतो. पाण्यात टाकून घुसळले की झाले. पण आतले तत्त्व तेच.

यावरून कारागिराला दोन गोष्टी कळतात. पहिली अशी की अमोनिया उडून जाणारा पदार्थ आहे. पिंप उघडे राहिले तर सकाळी घट्ट असलेली पेस्ट संध्याकाळी सैल पडू शकते. तेव्हा झाकण हवेच. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. छापलेले कापड तापवताना हाच अमोनिया निघून जातो, कापडावरची पेस्ट पुन्हा आम्लाकडे झुकते आणि त्याच आम्लामुळे बाइंडर पक्का धरतो. म्हणजे येताना जो इशारा पेस्ट घट्ट करतो, जाताना तोच रंग पक्का करायला मदत करतो. भट्टीत उष्णता किंवा वेळ वाचवण्याच्या नादात हे काम अर्धे राहिले, तर पहिल्याच धुलाईत रंग जातो आणि तक्रार घेऊन गिऱ्हाईक आपल्या दुकानात येते.

मिठाचा इशारा

आता याच पदार्थाचा सख्खा भाऊ पाहा. बाळाच्या डायपरमध्ये जी पांढरी पूड असते ती सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट, म्हणजे त्याच अ‍ॅक्रिलिक आम्लाची गाठी मारलेली जाळी. या घराण्याची सुरुवात शेतमालापासून झाली. अमेरिकेच्या शेती खात्याच्या पिओरिया येथील प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात मक्याच्या स्टार्चवर एका कृत्रिम पॉलिमरची जोड देऊन स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी पिणारा पदार्थ तयार झाला होता. पुढे स्टार्चशिवायचा पॉलिअ‍ॅक्रिलेट स्वस्त पडला आणि १९८० च्या दशकात तो डायपरमध्ये व स्त्रियांच्या नॅपकिनमध्ये शिरला.

या पुडीची परीक्षा घरच्या घरी करता येते. एका नव्या डायपरमधील थोडी पूड ग्लासात घ्या आणि पाणी ओता. पाहता पाहता पाणी घट्ट होऊन ग्लास उलटा केला तरी सांडणार नाही. आता त्यात चमचाभर मीठ टाकून ढवळा. जेल ढासळेल आणि पाणी सुटू लागेल. मिठाने काय केले? साखळीवरच्या ऋण भारांभोवती मिठातील सोडियमचा घोळका जमला, भार झाकले गेले, एकमेकांना लोटण्याचे बळ संपले आणि जाळी आवळली. शुद्ध पाणी काहीशे पट पिणारी ही पूड, शरीरातल्याइतके खारट पाणी जेमतेम तीस-पन्नास पटच पिते. म्हणून एजंट जेव्हा 'पाचशे पट शोषण' असे सांगतो तेव्हा त्याला विचारावे, बाबा रे, कोणत्या पाण्यात?

छपाईच्या पेस्टलाही हाच नियम लागू. बोअरचे खारे पाणी, क्षार जास्त असलेला रंग किंवा इतर रसायने पिंपात गेली की सिंथेटिक थिकनर सैल पडतो. मग कारागीर आणखी थिकनर घालतो, खर्च वाढतो आणि छापलेले कापड पुठ्ठ्यासारखे कडक होते. रोग मिठाचा आणि उपाय थिकनरचा, असा हा उलटा कारभार.

या पुडीने आपल्या धंद्यावर दुसरा घाव घातला तो बाजारात. लंगोट-दुपट्याचे मऊ सुती कापड, जुन्या पद्धतीची घडीची पट्टी, जाळीदार गॉझ, यांचा हक्काचा खप तिने खाल्ला. तमिळनाडूतील राजपालयमजवळचा छत्रपट्टीचा भाग बँडेजच्या कापडासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या विणकरांसारखे अनेकजण अशा साध्या कापडावर पोट भरतात. त्यांचा स्पर्धक दुसरा माग नसून एक पूड आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. भाव कमी करून या पुडीशी लढता येणार नाही. पुन्हा पुन्हा धुऊन वापरता येणारा माल, हीच सुताची खरी ताकद आहे आणि विक्री करताना तेच पुढे केले पाहिजे, कारण ही पूड एकदा वापरली की कचऱ्यात जाते आणि मातीत सहजी कुजत नाही.

शेतीतही हे जेल गेले आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने 'पूसा हायड्रोजेल' विकसित केले. ते सेल्युलोजवर, म्हणजे कापूस ज्याचा बनलेला असतो त्याच द्रव्यावर आधारलेले आहे. स्वतःच्या वजनाच्या किमान ३५० पट शुद्ध पाणी ते धरते आणि हेक्टरी अडीच ते पाच किलो वापरावे अशी शिफारस आहे. पावसाने ताण दिला की मुळांना ते पाणी हळूहळू सोडते. खते-बियाण्यांचे दुकान चालवणाऱ्या बांधवांनी याची माहिती ठेवावी, पण खाऱ्या जमिनीत वा खाऱ्या पाण्यावर कोणतेही जेल पूर्ण ताकद दाखवत नाही, हेही शेतकऱ्याला स्वच्छ सांगावे.

चुन्याचा इशारा

आता सुती कापडावरच्या रिअ‍ॅक्टिव्ह छपाईकडे वळू. हे रंग १९५६ मध्ये इंग्लंडच्या आयसीआय कंपनीने बाजारात आणले. हे रंग कापसाशी रासायनिक गाठ बांधतात. पण स्टार्चची जात कापसाचीच असल्याने स्टार्चच्या खळीत ते कापसाऐवजी खळीलाच जाऊन चिकटतात, रंग फुकट जातो आणि कापड कडक होते. म्हणून येथे समुद्रातील तपकिरी शेवाळापासून काढलेले सोडियम अल्जिनेट वापरतात. रिअ‍ॅक्टिव्ह रंगाशी त्याची गाठ सहसा पडत नाही, त्यामुळे ते धुऊन निघून जाते आणि हाताला कापड मऊ लागते. असे शेवाळ तमिळनाडूच्या किनाऱ्यावरही गोळा केले जाते.

अल्जिनेटचा इशारा म्हणजे कॅल्शियम, अर्थात पाण्यातील चुना. अल्जिनेटच्या दोन साखळ्या शेजारी आल्या की त्यांच्यामध्ये खोलगट घरे तयार होतात. अंड्यांचा ट्रे असतो तशी. त्या प्रत्येक घरात कॅल्शियमचा कण अंड्यासारखा बसतो आणि दोन्ही साखळ्या बांधून टाकतो. मऊसूत वाहणारी पेस्ट मग गुठळीदार जेल होते.

यामुळे काय होऊ शकते याचे एक उदाहरण आम्ही जवळून पाहिले आहे. एका छपाई कारखान्यात आमचा सुती ड्रेस मटेरियलचा माल होता. उन्हाळ्यात नळाचे पाणी कमी पडले म्हणून मालकाने टँकरने बोअरचे पाणी आणले. दोन दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. स्क्रीन बुजते, छाप तुटक येते, नक्षीची धार राहत नाही. मालकाने सरळ निष्कर्ष काढला की पोरे स्क्वीजी नीट ओढत नाहीत, आणि आठवड्याच्या मजुरीतून बिघडलेल्या मालाचे पैसे कापले. टेबलावर काम करणाऱ्या एका बुजुर्ग कारागिराने मात्र दोन ग्लास मागवले. एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात टँकरचे. दोहोंत सारखेच अल्जिनेट ढवळले. पहिले मधासारखे वाहिले, दुसऱ्यात गाठी आणि तंतू दिसू लागले. मग दुसऱ्या पाण्याचा नवा ग्लास घेऊन आधी चिमूटभर सोडियम हेक्सामेटाफॉस्फेट विरघळवले आणि नंतर अल्जिनेट टाकले. ते नीट वाहू लागले. हे रसायन कॅल्शियमला आधीच पकडून ठेवते, मग ते साखळ्यांपर्यंत पोहोचत नाही. मालाचा प्रश्न सुटला. कापलेली मजुरी मात्र सर्वांना परत मिळाली नाही.

गुन्हा पाण्याचा आणि दंड कारागिराला, असे किती ठिकाणी होत असेल याचा हिशेब कोण ठेवतो? दोन ग्लासांची ही परीक्षा पाच मिनिटांची आहे. पाणी बदलले की ती करावी, असा नियम प्रत्येक कारखान्यात हवा. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही ही जुनी खूणही उपयोगी पडते. मात्र एक सावधगिरी ठेवावी. हेक्सामेटाफॉस्फेट हा स्वतःच एक क्षार आहे. अल्जिनेटला तो औषध, पण पिगमेंटच्या सिंथेटिक थिकनरला तोच विष, कारण वर सांगितल्याप्रमाणे क्षार दिसला की ती जाळी सैल पडते. एका पेस्टचा नुस्खा दुसऱ्या पेस्टला डोळे झाकून लावू नये.

याच चुन्याच्या इशाऱ्यावर दवाखान्यांचा एक मोठा धंदा उभा आहे. सोडियम अल्जिनेटचे द्रावण बारीक छिद्रांतून कॅल्शियम क्लोराइडच्या टाकीत सोडले की त्याचे धागे बनतात, व्हिस्कोसचे धागे काढतात साधारण तसेच. या धाग्यांची मऊ गादी जखमेवर ठेवली की जखमेतील स्रावाचा सोडियम आत शिरतो, कॅल्शियम बाहेर पडतो आणि गादीचे ओलसर जेल होते. जखमेला ते चिकटून बसत नाही, पट्टी काढताना कातडी ओरबाडली जात नाही. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर यांनी दाखवले होते की ओलसर ठेवलेली जखम कोरडी खपली धरलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. १९८० च्या दशकापासून या पट्ट्या बाजारात आहेत. आपल्या छपाईच्या टेबलावर जो पदार्थ गाठ धरून त्रास देतो, तोच दवाखान्यात गाठ सोडून आराम देतो. पट्ट्यांच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांनी एवढे जाणून घ्यावे की हे साधे कापड नव्हे. याला वैद्यकीय साधनांचे २०१७ चे नियम आणि परवाना लागू होतो.

बोरॅक्सचा इशारा आणि २०१२ चा भडका

पॉलिएस्टर साड्यांच्या छपाईत, विशेषतः सुरतेकडे, ग्वार गम फार चालतो. ग्वार म्हणजे आपल्या गवारीचेच बी. जगातील बहुतेक ग्वार भारतात आणि त्यातही राजस्थानात पिकते. २०११-१२ मध्ये या गमचे भाव वर्षभरात अनेक पटींनी चढून क्विंटलला लाखाच्या घरात गेले. छपाईवाले हवालदिल झाले. हे कोणा स्थानिक साठेबाजाचे काम, असे बाजारात बोलले जाऊ लागले. सट्टा जोरात होता हे खरेच, आणि मार्च २०१२ मध्ये सरकारच्या वायदे बाजार आयोगाने ग्वारचे वायदे बंदही केले. ते मे २०१३ मध्ये पुन्हा सुरू झाले. पण आगीचे मूळ हजारो मैल दूर, अमेरिकेच्या तेल व गॅसच्या विहिरींत होते.

तिथे खडकात अडकलेले तेल व गॅस काढण्यासाठी जमिनीखाली प्रचंड दाबाने पाणी व वाळू सोडतात. खडकाला भेगा पडतात आणि वाळूचे कण त्या भेगा उघड्या ठेवतात. पण नुसत्या पाण्यात वाळू तळाशी बसते. म्हणून पाण्यात ग्वार घालतात आणि बोरॅक्ससारख्या बोरेटचा इशारा देतात. अल्कलीत बोरेट ग्वारच्या साखळ्यांना गाठी मारतो, पाण्याचे घट्ट जेल होते आणि ते वाळूला खांद्यावर घेऊन भेगेपर्यंत जाते. काम झाले की एन्झाइम वा अन्य रसायनाने जेल मोडतात. ते पातळ होऊन वर परत येते आणि वाळू आत राहते. इशाऱ्याने बांधायचे आणि इशाऱ्याने सोडायचे, यापेक्षा 'स्मार्ट' ते काय असते?

तेल कंपन्यांना गमचा भाव परवडत होता, साडी छापणाऱ्याला नव्हता. पुढे अमेरिकेत ग्वारऐवजी थोड्या पॉलिअ‍ॅक्रिलमाइडवर चालणारे पातळ पाणी वापरण्याची पद्धत वाढली, मागणी ओसरली आणि ग्वार कोसळला. चढ्या भावात साठा करून बसलेले नंतर रडले. अमेरिकेतील एका बलाढ्य तेलसेवा कंपनीलाही टंचाईच्या भीतीने भरून ठेवलेल्या ग्वारने नुकसान दिले. यातून व्यापाऱ्याने धडा घ्यावा तो असा की आपल्या पिंपात जो पदार्थ आहे, त्याचा दुसरा गिऱ्हाईक जगात कोण आहे हे माहीत असले पाहिजे. ज्यांना हे माहीत होते त्यांनी वेळेवर चिंचोक्याची पूड व अन्य खळींचे नुस्खे बसवून घेतले असते.

उष्णतेचा इशारा

एजंट लोक ज्याची सर्वांत जास्त जाहिरात करतात तो हा इशारा. येथे एका पॉलिमरचे नाव वारंवार येते, पॉली-एन-आयसोप्रोपिल-अ‍ॅक्रिलमाइड. नाव लांबलचक आहे, पण स्वभाव सोपा. साधारण ३२ अंश सेल्सिअसच्या खाली तो पाण्याशी दोस्ती करून फुगतो. त्याच्या वर गेला की पाणी सोडून आकसतो. हा बदल १९६८ मध्ये शास्त्रज्ञांनी नोंदवला. शरीराच्या तापमानाच्या जवळ असल्यामुळे डॉक्टरांना यात मोठा रस आहे. जपानमध्ये तेरुओ ओकानो यांनी या पॉलिमरचा थर दिलेल्या बशीत पेशी वाढवल्या. ३७ अंशांवर पेशी बशीला चिकटून वाढतात, बशी थोडी थंड केली की त्यांचा अखंड पापुद्रा अलगद सुटतो. कात्री नको की औषध नको.

आपल्या सुताशी याचा संबंध २०१३ मध्ये पुढे आला. नेदरलँड्सच्या आइंडहोवन आणि हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठातील संशोधकांनी साध्या सुती कापडावर हा पॉलिमर चढवला. धुक्याच्या हवेत अशा कापडाने स्वतःच्या वजनाच्या ३४० टक्के पाणी धरले. साध्या कापडाने धरले १८ टक्के. आणि ऊन वाढून कापड तापले की ते पाणी त्याने आपोआप सोडून दिले. पिळण्याची गरज नाही! वाळवंटी भागात पाणी गोळा करण्यासाठी हे उपयोगी ठरेल अशी कल्पना होती. पण प्रयोगशाळेतील चौकोनी तुकडा आणि बाजारातील तागा यांत मोठे अंतर असते, हे आपल्यासारख्या कापडवाल्यांनी विसरू नये.

उष्णतेच्या इशाऱ्याची दुसरी जात म्हणजे आकार लक्षात ठेवणारे पॉलिमर. विजेच्या तारेच्या जोडावर सरकवून गरम हवा दिली की घट्ट बसणारी नळी सर्वांनी पाहिली आहे. तिच्या साखळ्यांना आधी गाठी मारलेल्या असतात, मग तापवून, ताणून, थंड केलेले असते. पुन्हा उष्णता मिळताच तिला मूळ आकार आठवतो. मात्र ती एकदाच आकसते, परत फुगत नाही. जपानच्या मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजने याच कल्पनेवर पॉलियुरेथेन तयार केले. त्याचा पातळ पापुद्रा कापडाला जोडतात. अंगातली उष्णता वाढली की पापुद्र्यातून घामाची वाफ जास्त बाहेर जाते, पाऊस मात्र आत येत नाही. असा माल डोंगर चढणाऱ्यांच्या व खेळाडूंच्या जाकिटांत वापरला जातो आणि त्याची किंमतही तशीच असते.

खरेदीपूर्वी पाच प्रश्न

तेव्हा एजंट 'स्मार्ट' माल घेऊन आला की त्याला हाकलून लावू नये, आणि ऑर्डरही देऊ नये. चहा पाजावा आणि पाच प्रश्न विचारावेत.

एक, याचा इशारा कोणता? उष्णता, पाणी, मीठ, आम्ल की आणखी काही? ज्याला हे सांगता येत नाही त्याचा माल नुसता नावाचा 'स्मार्ट' आहे असे समजावे.

दोन, बदल नेमका कोठे होतो? किती अंशांवर, किती क्षारावर? आपल्याकडे मे महिन्यात सावलीतही ४० अंशांच्या पुढे पारा जातो. ३२ अंशांवर बदलणारा पदार्थ आपल्या उन्हाळ्यात दिवसभर एकाच अवस्थेत बसून राहील.

तीन, बदल परत फिरतो का, आणि किती वेळा? किती धुलाया टिकतो? याचे उत्तर तोंडी नको, कागदावर हवे. आणि दोन वार नमुना घेऊन घरी धुऊन पाहावा.

चार, परीक्षा कोणत्या पाण्यात घेतली? शुद्ध पाण्यातील आकडे आपल्या बोअरच्या पाण्यात उभे राहत नाहीत.

पाच, हा कशापासून बनला आणि वापरून झाल्यावर कोठे जातो? अल्जिनेट शेवाळापासून, ग्वार बियांपासून, पॉलिअ‍ॅक्रिलेट खनिज तेलापासून. जिलेटीनचे जेल मात्र जनावराच्या हाडा-कातड्यापासून होते आणि ते कोणत्या जनावराचे हा प्रश्न आपले गिऱ्हाईक विचारणारच. उत्तर आधीच माहीत असावे.

कारागीर बांधवांसाठी आमची सूचना वेगळी आहे. प्रत्येक छपाई कारखान्यात पेस्टची एक वही ठेवावी. आज पाणी कोठले, थिकनर कोणता व किती, त्यात आणखी काय पडले, पेस्ट सकाळी कशी होती आणि संध्याकाळी कशी, एवढे चार-पाच ओळींत रोज लिहावे. सहा महिन्यांत ही वही कोणत्याही सल्लागारापेक्षा जास्त शहाणी होईल. आणि माल बिघडल्याच्या दिवशी, दोष हाताचा की पाण्याचा, याचा साक्षीदारही तीच असेल. मालक मंडळींनी मजुरी कापण्याआधी ही वही उघडावी, म्हणजे बरेच तंटे जागीच मिटतील.

आपल्याकडे हुन्नर पिढ्यान्पिढ्या आहे. पेस्ट बोटावर घेऊन ती चालेल की नाही सांगणारे कारागीर आजही आहेत. त्यांचे बोट जे ओळखते त्याचे कारणही त्यांना कळले, तर ते आपल्या पोरांना नुसता नुस्खा नव्हे, इल्म देऊन जातील. पाणी बदलेल, रसायनाची कंपनी बदलेल, ग्वारचा भाव चढेल नि उतरेल. नुस्खा प्रत्येक वेळी तुटेल, पण कारण जाणणारा माणूस त्याच दिवशी नवा नुस्खा बांधील.